दारावरची झडती

मोठ्या सामन्याचे तिकीट हाती आले की घरात आनंदाला भरते येते, आणि तिकिटाबरोबरची नियमांची यादी मोठ्याने वाचली गेली की त्या भरतीला ओहोटी लागते. पाण्याची बाटली आणू नये, खाण्याचे पदार्थ आणू नयेत, पिशवी, छत्री, हेल्मेट, काडेपेटी, मोबाईलची पॉवर बँक यांपैकी काहीही आणू नये. कित्येक ठिकाणी तर खिशातली सुटी नाणीदेखील बाहेर ठेवून यावी. अशा यादीवर घरातले वडीलधारे त्रासून विचारतात, "मग न्यायचे तरी काय?" आणि सूनबाई हसू दाबून उत्तर देतात, "टाळ्या वाजवायला दोन हात, मामंजी!"

असा विनोद हल्ली आमच्या बडोद्यातील मराठी घरांत वरचेवर ऐकू येतो, आणि त्याला कारणही आहे. १,३२,००० प्रेक्षकांना सामावून घेणारे अहमदाबादचे क्रीडांगण आमच्यापासून सुमारे ११० किलोमीटरांवर. आमच्या गावाजवळच कोटंबी येथे नवे क्रीडांगण झाले असून डिसेंबर २०२४ मध्ये तेथे महिलांचे आंतरराष्ट्रीय सामनेही झाले. इंदूर, ग्वाल्हेर, हैदराबाद येथील आमच्या वाचकांचा अनुभव याहून फारसा निराळा नसावा. एके काळी सामन्याला जाणे हा घरातील पुरुषमंडळींचा उद्योग होता. आता आजी निघते, नात निघते, कडेवरचे मूलही निघते. त्यामुळे दारावरच्या झडतीचा प्रश्न केवळ क्रीडारसिकांचा राहिला नसून तो सबंध घराचा झाला आहे.

या झडतीविषयी दोन टोकांची मते आम्ही नेहमी ऐकतो. पैसे मोजून तिकीट काढणाऱ्या सभ्य माणसाच्या खिशांत पोलिसाने हात घालावा हा अपमान आहे, असे एका पक्षाचे म्हणणे. दुसरा पक्ष म्हणतो, काळ वाईट आहे, सांगतील ते निमूटपणे करावे. आम्हांला दोन्ही मते अपुरी वाटतात. यादीतील जवळजवळ प्रत्येक ओळीमागे कोठे ना कोठे घडलेली एखादी दुर्घटना आहे, हे पहिल्या पक्षाने ध्यानात घ्यावयास हवे. आणि प्रेक्षागारांत आजवर जे जीव गेले, त्यांतील फार मोठा भाग प्रेक्षकाने आत नेलेल्या वस्तूमुळे गेलेला नाही, हे दुसऱ्या पक्षाने विसरता कामा नये. या दोन्ही गोष्टी आम्ही क्रमाने वाचकांपुढे ठेवू इच्छितो.

जुन्या पिढीच्या सामन्यांची वर्णने ऐकावीत तर मन हरखून जाते. १९४७ साली रणजी करंडकाच्या अंतिम सामन्यात आमच्या बडोद्याच्या विजय हजारे आणि गुल महंमद या जोडीने होळकर संघाविरुद्ध ५७७ धावांची भागी केली. त्या काळचे प्रेक्षक आणि खेळाडू यांच्यामध्ये फारसे अंतर नसे. सीमारेषेची दोरी हीच काय ती मर्यादा. १९६० साली मुंबईच्या ब्रेबोर्न स्टेडियमवर ऑस्ट्रेलियाविरुद्धच्या सामन्यात अब्बास अली बेग याने अर्धशतक पूर्ण केले, तेव्हा एक तरुणी धावत मैदानात गेली आणि तिने सर्वांदेखत त्याच्या गालाचे चुंबन घेतले. मुंबईने हा प्रसंग कौतुकाने लक्षात ठेवला, त्यात कोणाला धोका दिसला नाही.

पुढे पंधरा वर्षांनी त्याच मुंबईत निराळे दृश्य दिसले. मुंबई क्रिकेट असोसिएशन आणि ब्रेबोर्नची मालक असलेली क्रिकेट क्लब ऑफ इंडिया यांच्यात सामन्याच्या जागांच्या वाटपावरून वाद होता, आणि त्या वादातून जवळच वानखेडे स्टेडियम उभे राहिले. जानेवारी १९७५ मध्ये तेथे पहिलाच कसोटी सामना झाला. वेस्ट इंडिजच्या क्लाइव्ह लॉइडने द्विशतक झळकावले. त्याचे अभिनंदन करण्यासाठी एक प्रेक्षक मैदानात धावला आणि पोलिसांनी त्याला सर्वांसमोर बडवले. ते पाहून प्रेक्षक खवळले, नासधूस झाली आणि सुमारे दीड तासाचा खेळ वाया गेला. मैदानात धावणाऱ्याला आवरणे आवश्यक होते, याविषयी दुमत नाही. परंतु रक्षणकर्त्यांचा हात सैल सुटला की त्यातूनच दंगा कसा पेटतो, याचा तो धडा होता.

आता बाटलीचे पाहू. १३ मार्च १९९६ रोजी कलकत्त्याच्या ईडन गार्डन्सवर विश्वचषकाचा उपांत्य सामना होता. श्रीलंकेच्या २५१ धावांना उत्तर देताना भारताचे ८ गडी १२० धावांत बाद झाले. निराश प्रेक्षकांनी मैदानावर बाटल्या फेकल्या आणि काही ठिकाणी आगी लावल्या. खेळ थांबला, पुन्हा सुरू करण्याचा यत्न झाला, तोही फसला, आणि सामना श्रीलंकेला बहाल करण्यात आला. हा निर्णय देणारे सामनाधिकारी होते तेच क्लाइव्ह लॉइड. पाण्याची बाटली वा खिशातले नाणे ही वस्तू म्हणून निरुपद्रवी खरी. पण वरच्या मजल्यावरून भिरकावलेली भरलेली बाटली सीमारेषेवरच्या क्षेत्ररक्षकाचे, किंवा खालच्या रांगेतील एखाद्या लेकराचे, डोके फोडू शकते. काडेपेटीचेही तसेच. याच मैदानावर १ जानेवारी १९६७ रोजी वेस्ट इंडिजविरुद्धच्या कसोटीत प्रेक्षक आसनांत न मावून सीमारेषेपर्यंत आले होते. लाठीमार झाला, अश्रुधूर सोडला गेला, मंडपांना आगी लागल्या आणि त्या दिवशी खेळ होऊच शकला नाही.

पिशवीची कथा याहून गंभीर आहे. १९७२ च्या म्युनिक ऑलिंपिकमध्ये यजमानांनी बंदोबस्त जाणूनबुजून सौम्य ठेवला होता. जुन्या जर्मनीची कठोर आठवण पाहुण्यांना होऊ नये, हा त्यामागील सद्हेतू. ५ सप्टेंबरच्या पहाटे हल्लेखोर शस्त्रे भरलेल्या पिशव्या घेऊन क्रीडाग्रामाचे कुंपण चढून आत गेले आणि इस्रायलच्या पथकातील ११ जण प्राणांस मुकले. १९९६ साली अटलांटा ऑलिंपिकच्या वेळी एका सार्वजनिक उद्यानात बाकाखाली ठेवलेल्या बेवारशी पिशवीत बाँब निघाला. पहारेकऱ्याचे तिकडे वेळीच लक्ष गेले आणि लोकांना दूर हटवण्यास आरंभ झाला, म्हणून प्राणहानी मर्यादित राहिली. तरीही शंभरांहून अधिक लोक जखमी झाले. आपल्याकडे १७ एप्रिल २०१० रोजी बंगळूरच्या चिन्नास्वामी स्टेडियमबाहेर सामन्याआधी स्फोट झाले, अनेकजण जखमी झाले आणि त्या वर्षीचे आयपीएलचे उपांत्य सामने बंगळूरहून नवी मुंबईला हलवावे लागले.

अमेरिकेत २०१३ साली बॉस्टनच्या मॅरेथॉन शर्यतीत बाँबस्फोट झाल्यावर तेथील व्यावसायिक फुटबॉलच्या सामन्यांत फक्त पारदर्शक पिशवीच आत नेता येईल, असा नियम झाला. आम्हांला ही युक्ती समंजस वाटते. आतले सारे बाहेरून दिसते, त्यामुळे पोलिसाला पिशवी उपसावी लागत नाही, रांग लवकर सरकते, आणि बाळाचे दुपटे किंवा आजोबांच्या गोळ्या घरी ठेवून येण्याची पाळी येत नाही.

चाकूसुरीसाठी चाचपणी का, याचे उत्तर टेनिसने दिले आहे. ३० एप्रिल १९९३ रोजी हॅम्बुर्ग येथे जगातील अग्रमानांकित खेळाडू मोनिका सेलेस खेळाच्या मधल्या विश्रांतीत खुर्चीवर बसली होती. एका प्रेक्षकाने कठड्यावरून वाकून तिच्या पाठीत सुरी खुपसली. ती अवघी १९ वर्षांची होती. जखम काही आठवड्यांत भरून आली, पण स्पर्धेत परतावयास तिला दोन वर्षांहून अधिक काळ लागला.

आणि झडतीचा उपयोग होतो का, असे विचारणाऱ्यांस पॅरिसची १३ नोव्हेंबर २०१५ ची रात्र सांगावी. फ्रान्स आणि जर्मनी यांचा फुटबॉल सामना चालू होता, आत सुमारे ८०,००० प्रेक्षक होते. अंगावर स्फोटके बांधलेले तिघेजण त्या क्रीडांगणापाशी आले होते. त्या तिघांपैकी एकही आत शिरू शकला नाही. त्यांनी बाहेरच स्फोट घडवले, त्यात एक निरपराध माणूस दगावला. हेच स्फोट आत झाले असते तर काय झाले असते, याची कल्पनाही करवत नाही. त्या रात्री दारावर उभ्या असलेल्या माणसांना आपल्या कामाची किंमत कोणी सांगावी लागली नसेल.

येथवर वाचून कोणी म्हणेल, तर मग झडती जितकी कडक तितकी बरी. येथेच आम्हांला थांबावेसे वाटते. कारण प्रेक्षागारांतील मोठ्या दुर्घटनांची यादी काढावयास बसले म्हणजे तिच्यात बाँब, सुरी वा बाटली क्वचितच आढळते. आढळते ते बंद दार, अरुंद जिना, आणि दारापाशी कोंडलेली गर्दी.

२ जानेवारी १९७१ रोजी ग्लासगोच्या आयब्रॉक्स मैदानावर सामना संपवून लोक घरी निघाले होते. उतरताना एका जिन्यावर रेटारेटी झाली, माणसांवर माणसे कोसळली आणि ६६ जण मेले. त्यानंतर ब्रिटनमध्ये १९७५ साली क्रीडांगणांच्या सुरक्षिततेचा स्वतंत्र कायदा झाला. आपल्याकडे १६ ऑगस्ट १९८० रोजी ईडन गार्डन्सवर मोहन बागान आणि ईस्ट बंगाल यांच्या फुटबॉल सामन्यात प्रेक्षागारात मारामारी जुंपली आणि चेंगराचेंगरीत १६ जण गेले. कलकत्त्यात त्या तारखेला आजही त्यांचे स्मरण करून रक्तदान केले जाते. आणि अलीकडे, १ ऑक्टोबर २०२२ रोजी, इंडोनेशियातील मलंग शहरी पराभवाने चिडलेले प्रेक्षक मैदानात उतरले, पोलिसांनी अश्रुधूर सोडला, गुदमरलेले लोक बाहेर पडण्याच्या दारांकडे धावले आणि दारांपाशी अडकले. १३५ माणसे मेली. त्यांत लहान मुले बरीच होती. फुटबॉलच्या जागतिक संघटनेच्या नियमांत क्रीडांगणात असा वायू वापरण्यास आधीपासूनच मनाई होती.

या सर्वांत ज्या घटनेचा तपास सर्वांत खोलवर झाला, ती शेफील्डच्या हिल्सबरो मैदानावरील. १५ एप्रिल १९८९ रोजी तेथे लिव्हरपूल आणि नॉटिंगहॅम फॉरेस्ट यांचा उपांत्य सामना होता. लिव्हरपूलच्या उभ्याने सामना पाहणाऱ्या १०,१०० प्रेक्षकांसाठी एका वेळी एकच माणूस आत सोडणारी फिरती दारे होती अवघी सात. अशा एका दारातून तासाला जास्तीत जास्त ६६० माणसे आत येऊ शकतात, असे तेथील सुरक्षा मार्गदर्शिकेत धरले आहे. गुणाकार सोपा आहे. सात दारांतून तासाला ४,६२० माणसे. म्हणजे १०,१०० जणांना आत घेण्यास दोन तासांहून अधिक वेळ हवा. लोक मात्र, जसे सर्वत्र येतात तसे, शेवटच्या तासाभरात आले. दारांबाहेर जीवघेणी कोंडी झाली. ती फोडण्यासाठी पोलिसांनी, सामना सुरू होण्यास आठ मिनिटे असताना, बाहेर जाण्याचे एक मोठे फाटक उघडले. त्यातून आलेला लोंढा समोर दिसणाऱ्या बोगद्यातून थेट मधल्या दोन कप्प्यांत शिरला. ते कप्पे आधीच भरले होते, बाजूच्या कप्प्यांत जागा होती, पण तिकडे वळवावयास कोणी नव्हते. पुढे उंच लोखंडी कुंपण होते. प्रेक्षकाने मैदानात धावू नये म्हणून ते घातलेले; आता त्याच कुंपणाला टेकून माणसे गुदमरली. खेळ सहा मिनिटे चालला आणि थांबला. मृतांची संख्या अखेरीस ९७ झाली. त्या दिवशीच्या दुखापतींमुळे शेवटचा बळी गेला तो २०२१ साली.

घटना घडताच दोष प्रेक्षकांवर ढकलण्यात आला: ते दारू पिऊन आले होते, बिनतिकिटाने घुसले. न्यायमूर्ती टेलर यांच्या चौकशीने गर्दीचे नियंत्रण करण्यात पोलीस चुकले हे मुख्य कारण ठरवले आणि १९९० च्या अहवालात मोठ्या मैदानांवर सर्वांना बसण्याची आसने असावीत, अशी शिफारस केली. कुंपणे निघाली. तरीही मृतांवरचा कलंक पूर्णपणे धुऊन निघावयास २०१६ साल उजाडावे लागले. त्या वर्षी न्यायपंचांनी निर्णय दिला की हे मृत्यू बेकायदेशीर कृत्यातून झाले आणि त्यात प्रेक्षकांचा दोष नव्हता. मृतांचे आईबाप, भावंडे सत्तावीस वर्षे यासाठी झगडत होते.

हे सारे परदेशातले म्हणून बाजूला सारावे, अशी स्थिती नाही. ४ जून २०२५ रोजी बंगळूरला चिन्नास्वामी स्टेडियममध्ये सामनासुद्धा नव्हता; आदल्या रात्री अहमदाबादला आयपीएलचे विजेतेपद मिळवलेल्या आपल्या संघाचा सत्कार होता. सुमारे ३५,००० आसनांच्या त्या वास्तूभोवती तिच्या कित्येक पट लोक जमले. आत प्रवेश कोणाला, कोणत्या दाराने आणि कशाच्या आधारे, याविषयी गोंधळ होता. दारांपाशी चेंगराचेंगरी होऊन ११ जण मृत्युमुखी पडले, त्यांत बहुतेक तरुण आणि कोवळ्या वयाची मुले. त्यानंतर महिलांच्या विश्वचषकाचे तेथील सामने नवी मुंबईला हलवावे लागले. २०१० साली स्फोटांमुळे जे घडले, तेच २०२५ साली दारांवरच्या गर्दीमुळे घडले. पण स्फोटांत जीव गेले नव्हते, दारांवर गेले.

वाचकहो, आता झडतीकडे पुन्हा पाहावे. एकेका प्रेक्षकास तपासावयास दहा सेकंद लागतात असे धरले, तर एका रांगेतून तासाला ३६० माणसे आत जातील. १,३२,००० जणांना तीन तासांत आत घ्यावयाचे तर अशा १२२ हून अधिक रांगा एकाच वेळी, न थांबता, चालू राहावयास हव्यात. झडतीस दहाऐवजी वीस सेकंद लागले की रांगा दुप्पट हव्यात, नाहीतर वेळ दुप्पट. म्हणजे झडती वाढवताना दारे वाढवली नाहीत, तर एक धोका टाळण्यासाठी आपण दुसरा आणि अधिक मोठा धोका दारावर उभा करतो. बाहेर साचलेली गर्दी हीच मग सर्वांत असुरक्षित जागा होते.

झडतीलाही तिची मर्यादा आहे. मेटल डिटेक्टरची चौकट धातू ओळखते, मनातला बेत ओळखत नाही. १९ नोव्हेंबर २०२३ रोजी अहमदाबादच्या विश्वचषक अंतिम सामन्यात, एवढा कडेकोट बंदोबस्त असूनही, राजकीय घोषणा लिहिलेला सदरा घातलेला एक तरुण मैदानात शिरला आणि विराट कोहलीच्या गळ्यात पडला. त्याच्यापाशी शस्त्र नव्हते, म्हणून निभावले. अशा प्रसंगी उपयोगी पडतो तो शांत डोक्याचा, प्रशिक्षित रक्षक. १९७५ साली वानखेडेवर ज्याची उणीव भासली, तो हाच.

झडतीत माणसाचा मान राखणे हाही सुरक्षिततेचाच भाग आहे, असे आम्ही समजतो. स्त्रियांची तपासणी स्त्रियांनीच आणि आडोशाला करावी, ही गोष्ट आता बहुतेक ठिकाणी पाळली जाते, हे चांगले आहे. परंतु तपासणी माणसाचा वेष, नाव वा धर्म पाहून सौम्य किंवा कठोर होऊ लागली की तिचा जाच पिढ्यान्‌पिढ्या पुरतो. १९८२ च्या दिल्ली आशियाई खेळांच्या वेळी आंदोलनाच्या भीतीने हरियाणातून दिल्लीकडे निघालेल्या शीख प्रवाशांना वाटेत अडवून झडत्या घेण्यात आल्या. त्यांत सैन्यात हयात घालवलेली माणसेही होती. तो अपमान त्या समाजाच्या मनात कित्येक वर्षे सलत राहिला. नियम कडक असण्यास आमची हरकत नाही. तो पाटलाला आणि पाटीवाल्याला सारखा असावा, एवढेच म्हणणे.

आणि येथे आपल्याकडे पाहिल्यावाचून गत्यंतर नाही. नियम सर्वांना सारखा असावा असे म्हणणारे आपणच, सामन्याच्या चार दिवस आधी 'कोणाची ओळख आहे का' म्हणून चौकशी करू लागतो. फुकटचा पास मिळाला तर तो मित्रमंडळींत मिरवतो. दारावरच्या शिपायाला मेहुण्याचे नाव सांगून एका तिकिटावर दोघे आत गेलो, ही कथा आपण पुढे दहा वर्षे रंगवून सांगतो. ऐकणारेही हसतात. पण आसने मोजकी आहेत. एक माणूस ओळखीने आत गेला की तिकीट असलेला एक माणूस जिन्यावर उभा राहतो. जिना अडतो. आणि जिना अडला की काय होते, ते आयब्रॉक्सने दाखवले आहे. बाटली घेऊन जाणारा जितका धोका निर्माण करतो, त्याहून ओळखीने शिरणारा अधिक करतो; मात्र बाटली जप्त होते आणि ओळखीला नमस्कार होतो.

आयोजकांकडे आपण काय मागावे, हेही स्पष्ट असावे. नेऊ नये अशा वस्तूंची यादी तिकिटाबरोबरच, आपल्याला वाचता येईल अशा भाषेत मिळावी. दारापाशी पोचल्यावर पॉवर बँक कचऱ्याच्या डब्यात टाकावयास सांगणे हा न्याय नव्हे. वस्तू ठेवून पावती देणारी खिडकी बाहेर असावी. बाटली बाहेर ठेवावयास लावणाऱ्यांनी आत पिण्याचे स्वच्छ पाणी विनामूल्य द्यावे, कारण वैशाखाच्या उन्हात पाणी ही चैन राहत नाही. आजाऱ्यांची औषधे आणि तान्ह्या बाळाचे दूध यांना आडकाठी नसावी. आणि सर्वांत महत्त्वाचे, बाहेर जाण्याची दारे खेळ चालू असताना कुलूपबंद नसावीत. प्रत्येक दारापाशी ते क्षणात उघडू शकणारा माणूस हजर असावा. ब्रिटनमधील मार्गदर्शिकेत प्रेक्षागार रिकामे होण्यास आठ मिनिटांहून अधिक वेळ लागू नये, असा दंडक आहे. आपल्या गावच्या क्रीडांगणाला किती मिनिटे लागतात, हे विचारण्याचा अधिकार तिकीट काढणाऱ्या प्रत्येकाला आहे. आतापर्यंत आपण तिकिटाचा दर तेवढा विचारत आलो.

घरच्या मंडळींसाठी चार गोष्टी सांगून हा लेख आटोपता घेतो. निदान दोन तास आधी पोचावे. लवकर येणारा स्वतःची सोय पाहतोच, शिवाय मागून येणाऱ्यांची कोंडीही कमी करतो. लहान मुलाच्या खिशात आईबापांचे नाव आणि दूरध्वनी क्रमांक लिहिलेली चिठ्ठी ठेवावी, आणि चुकामूक झाल्यास कोठे भेटावयाचे ते आत शिरण्यापूर्वीच ठरवावे. जागेवर बसल्यावर प्रथम जवळचे बाहेर जाण्याचे दार कोणते, ते सर्वांनी पाहून घ्यावे. सामना संपला की धावू नये. पंधरावीस मिनिटे बसून राहावे, गर्दी आपोआप विरळ होते. आणि दुर्दैवाने रेटा आलाच, तर पडलेली चप्पल किंवा मोबाईल उचलावयास मुळीच वाकू नये. दोन्ही हात छातीपुढे धरून श्वासापुरती जागा राखावी, रेट्याविरुद्ध झगडू नये, त्याच्याबरोबर चालत तिरके तिरके कडेला सरकावे. मूल असल्यास उचलून घ्यावे. अंगावर माणसे लोटत आहेत असे वाटले की पुढे दार आहे या आशेने पुढे घुसू नये; मागे वळता येत असेल तोवरच मागे वळावे. सामना पुन्हा होतो.

दारावर उभा असलेला तो पोलीस किंवा ती पोलीस भगिनी सकाळपासून उन्हात उभी असते, आणि तिला आतला खेळ बहुधा दिसतही नाही. पिशवी उघडून दाखवताना कपाळाला आठी न घालणे आपल्या हाती आहे. त्याचबरोबर आत गेल्यावर मान वर करून बाहेरचे दार उघडे आहे ना, हे पाहणे आणि नसेल तर तेथल्या तेथे विचारणे, हेही आपल्याच हाती आहे. आपल्या पिशवीत काय आहे हे ते आपल्याला विचारतात. त्यांच्या दाराला कुलूप आहे का, हे आपण त्यांना विचारावे. दोन्ही प्रश्न सारख्याच मोकळेपणाने विचारले गेले, तर सामन्याला गेलेले घर रात्री पूर्णच्या पूर्ण परत येईल.